कण्याजवळची दोन हात फट

शेडमध्ये होडीवरची ताडपत्री काढून सूनबाईनं सहज खाली वाकून बघितलं, तर जमिनीवर उन्हाच्या रेघा पडलेल्या. छपराला मधोमध एक काच होती. तिच्यातून ऊन होडीत उतरत होतं आणि होडीच्या तळातून सरळ पलीकडे, जमिनीवर. तिनं रेघा मोजल्या. अकरा भरल्या. दोन आठवड्यांनी ज्या होडीत सोळा माणसं बसायची होती, तिच्या तळातून अकरा ठिकाणी उजेड येत होता.

तिनं रेघा पुन्हा मोजल्या. अकराच.

खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण ते तिला सांगणार कोण? उन्हाळ्याआधी होडी तयार करायचं काम दरवर्षी सासऱ्यांचं. त्यांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणत. यंदा अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, सासूबाई त्यांच्या सोबतीला गेल्या होत्या, आणि नवरा लांबच्या कारखान्यात, फक्त रविवारी फोनवर भेटणारा. जाताना अण्णा बजावून गेले होते, "यंदापासून होडी तुझी. चालवायला शिकलीस, आता सांभाळायला शीक. पण मी येईपर्यंत नुसती ताडपत्री काढ, धूळ झाड. बाकी कशाला हात लावू नकोस."

पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता तपासणीचे साहेब यायचे होते. होडीत वजन ठेवून ती अर्धा तास पाण्यात उभी करायची. आत बोटभरापेक्षा जास्त पाणी आलं की परवाना नाही. परवाना नाही म्हणजे उन्हाळाभर होडी शेडमध्येच. तलावापलीकडच्या पोहायच्या किनाऱ्यावर माणसं नेणार ती शेजारच्या धक्क्यावरची फायबरची बोट. आणि परवाना यंदा पहिल्यांदाच सूनबाईच्या नावानं निघायचा होता. तो पहिल्याच वर्षी गेला, तर माणसं काय म्हणतील हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच ते दिवसातून दहा वेळा म्हणून बघत होती.

फायबरच्या बोटीच्या मालकाला सगळे प्लॅस्टिकवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गप्प बसता येत नसे. त्यानं शेडच्या दारातून डोकं आत घातलं, जमिनीवरच्या रेघा बघितल्या आणि म्हणाला, "वहिनी, होडी आहे की चाळण?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. उन्हाळ्यात शेवया गाळायला देणार असाल तर सांगा, भांडं लागतं आमच्याकडे." मग तिचा चेहरा बघून तो वरमला. "अहो, गंमत केली. थांबा, माझ्याकडे पुट्टीचा डबा उरलाय. फटींत भरा, रात्रीतून दगडासारखी होते. माझ्या बोटीला चीर गेली होती, तिथं आता घण मारला तरी काही होत नाही."

दगडासारखी. सूनबाईला त्या आठवड्यात ऐकलेला सगळ्यात धीराचा शब्द हाच वाटला. तिनं दोन दिवस खपून अकराच्या अकरा फटी ठासून भरल्या, वरून पत्र्याच्या तुकड्यानं गुळगुळीत केल्या. मंगळवारी संध्याकाळी ती खाली वाकली तेव्हा जमिनीवर एकही रेघ नव्हती. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बुधवारी अण्णा घरी आले. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींची सासूबाईंना तोंडपाठ झालेली यादी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही.

"मग मी जिवंत आहे ते काय करायला?" अण्णा म्हणाले.

"खुर्चीत बसायला," सासूबाई म्हणाल्या.

खुर्ची शेडच्या दाराशी ठेवली गेली. पण खुर्चीत बसायच्या आधी अण्णा होडीपाशी गेले आणि न वाकता, हाताला येईल त्या फळीवरून अंगठा फिरवू लागले. अंगठा एका फटीशी थांबला. पुढे सरकला, पुन्हा थांबला. सूनबाई बघत होती. तिला वाटलं, आता 'शाब्बास' म्हणतील.

"हे काय भरलंस?"

"पुट्टी. दगडासारखी होते."

अण्णांनी चष्मा नीट केला. "कुठल्या फटींत?"

"सगळ्या."

ते खुर्चीत बसले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, बोटं एकमेकांशेजारी, मधे थोडी जागा सोडून.

"बघ. या फळ्या. हिवाळाभर शेडमध्ये कोरड्या हवेत होत्या, म्हणून आक्रसल्या. मधे फटी पडल्या. आता होडी पाण्यात गेली की लाकूड पाणी पिणार, फुगणार." त्यांनी बोटं जवळ आणून मिटवली. "फट आपोआप मिटते. म्हणून आपण फटीत सुताची सैल वात घालतो, वर मऊ लुकण. दाबली की दबणारी वस्तू. तू तिथं दगड घातलास. फळी फुगली की जाणार कुठे? आत आडव्या लाकडी बरगड्यांना खिळ्यांनी बांधलेली आहे. एक तर खिळा उपटेल, नाहीतर बरगडी मोडेल."

"पण उजेड दिसत होता, अण्णा! एवढा!"

"नख जात होतं की नाणं?"

"नख."

"नख जाईल एवढी फट म्हणजे काहीच नाही. नाणं जायला लागलं की मला हाक मार." मग हळू आवाजात म्हणाले, "काढावी लागेल, पोरी. सगळी."

गुरुवार आणि शुक्रवार सूनबाई छिन्नी घेऊन होडीखाली होती. भरायला दोन दिवस लागले होते, पण भरताना पुट्टी मऊ होती. आता ती खरोखरच दगड झाली होती. प्लॅस्टिकवाला त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. छिन्नी जोरात मारावी तर फळीची कड उडायची, हळू मारावी तर नुसती पांढरी भुकटी निघायची. ती भुकटी डोळ्यांत, नाकात, केसांत. अण्णा दारातून विचारत, "कितवी?" ती सांगे, "पाचवी." तासाभरानं पुन्हा, "कितवी?" आणि ती म्हणे, "पाचवीच." मोकळ्या झालेल्या फटीत सुताची वात कशी सोडायची, लाकडी मोगरीनं ती किती हलकी ठोकायची, हे अण्णा खुर्चीच्या हातावर ठोकून दाखवत. "टकटक नाही. टुक, टुक. झोपलेल्या माणसाच्या दारावर वाजवतेस असं समज, ज्याला उठवायचं नाहीये."

"मग वाजवायचं कशाला?" सासूबाई पलीकडून म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता दहा फटी झाल्या होत्या. उरली होती अकरावी, अगदी तळाशी. होडीच्या तळाला मधोमध जो जाड दांडा असतो, त्याला कणा म्हणतात. त्याच्या डाव्या अंगाची, जेमतेम दोन हात लांबीची फट. तिथं पोचायला पाठीवर झोपून, मान वाकडी करून, हात डोक्यामागे न्यावा लागे. सूनबाईचं मनगट सुजलं होतं. संध्याकाळी होडी पाण्यात घालायलाच हवी होती, नाहीतर सोमवारपर्यंत लाकूड पुरेसं फुगलं नसतं. तिनं छिन्नी लावली. पहिल्याच घावाला ती सटकली आणि अंगठ्याला लागली.

ती तशीच पडून वर बघत राहिली. काय सुबक भरली होती ही फट! अकरांतली सगळ्यात सुरेख. दहा निघाल्या, एक राहिली तर काय होणार आहे? तिनं बोटावर मऊ लुकण घेतलं आणि दगडावर पातळ थर फासला. आता ती बाकीच्यांसारखीच दिसायला लागली.

"झालं का सगळं?" दारातून आवाज आला.

"झालं," सूनबाई म्हणाली.

शब्द तोंडातून निघाला आणि तिला तो परत घ्यावासा वाटला. पण अण्णा उठलेसुद्धा होते. "चला तर मग, पाणी पाजू तिला."

पाणी पाजणं म्हणजे होडी मुद्दाम बुडवणं. होडी ओढायच्या रहाटाचा दोर सैल सोडला, रुळांवरच्या गाडीवरून होडी घसरत धक्क्याशेजारच्या उथळ पाण्यात गेली, आणि तळाचं बूच काढल्याबरोबर आत पाणी चढू लागलं. काठ तेवढे वर राहिले. बाहेरून आत आणि आतून बाहेर, दोन्हीकडून लाकूड पाणी पिणार.

शनिवारी सकाळी प्लॅस्टिकवाला धावत आला. "वहिनी! होडी बुडाली तुमची!"

"बुडवलीय," सूनबाई म्हणाली.

"मुद्दाम?"

"हो."

तो होडीकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. "पुट्टी चांगली नव्हती का?"

एरवी ती हसली असती. पण शुक्रवारपासून तिचं हसू कुठेतरी अडकून बसलं होतं. दर तासाला ती धक्क्यावर जाई आणि पाण्यात बघे. तळ दिसत नसे. तिला वाटे, फळी आत्ता फुगत असेल. आत्ता. रात्री सासूबाईंनी विचारलं, "जेवत का नाहीस?" ती म्हणाली, "दात दुखतोय." सासूबाईंनी लवंग आणून दिली. आता दात दुखत नसताना लवंग चघळणंही आलं.

रविवारी सकाळी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीचे काठ पुसत होती. तेवढ्यात पाण्याखालून आवाज आला. फार मोठा नाही. वाळकी काटकी मोडावी तसा. पण तो तिला कानांनी ऐकू आला नाही, पायांतून वर चढला.

ती होडीत उतरली आणि पाण्याखाली हात घालून चाचपू लागली. कण्याच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या बरगडीवर, बोटाला चीर लागली. केसाएवढी. नख आत गेलं.

तिथून घरापर्यंत पन्नास पावलं असतील. ती तीनदा निघाली आणि तीनदा परत आली. उद्या साहेब येणार. सांगितलं तर अण्णा म्हणतील, खोटं बोललीस. नाही सांगितलं तर कदाचित कळणारही नाही. बरगडी पायाखालच्या सुट्या फळ्यांखाली असते. पण चीर वाढली तर? आत्ता केसाएवढी आहे, उन्हाळ्याच्या मध्यावर, सोळा माणसं बसलेली असताना, तलावाच्या मधोमध? तिनं पाण्यात बघितलं. पाणी कसं अगदी शहाण्यासारखं निवांत होतं.

चौथ्या वेळी ती थेट अण्णांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. साडीतून पाणी गळत होतं.

"अण्णा, मी खोटं बोलले."

सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांचे हात थांबले.

"दहाच काढल्या. कण्याजवळची राहिली. राहिली नाही, ठेवली. वरून लुकण फासलं. आत्ता बरगडी तडकली."

काळ्या चष्म्यामागे अण्णांचे डोळे दिसत नव्हते, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं. रागावलेत की काय, काही कळायला मार्ग नव्हता.

"किती लांब?" त्यांनी विचारलं.

"फट दोन हात. चीर एवढीशी."

"आरपार गेलीय?"

"नाही. वरच्या अंगालाच. नख जातं."

अण्णांनी खुर्चीचे हात धरले आणि उठले. "छिन्नी आण. आणि ग्रीसचा डबा. रहाट सासूबाई फिरवतील."

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"मला वजन उचलू नका म्हणून सांगणारी तूच ना? मग फिरव."

सासूबाईंनी पदर खोचला आणि पुटपुटत रहाट फिरवला. होडी गाडीवर चढून हळूहळू पाण्याबाहेर आली, बुचाच्या भोकातून पाण्याची धार लागली. सूनबाई पुन्हा त्याच जागी, पाठीवर. फळी इतकी फुगली होती की पुट्टी तिच्यात चिमटून बसली होती. ओलं लाकूड मऊ झालेलं, छिन्नी जरा तिरकी गेली की कड कुरतडली जायची. अण्णा डोक्याशी उभे होते, वाकत नव्हते. नुसतं ऐकत होते.

"हळू. तो आवाज लाकडाचा आहे, पुट्टीचा नाही. जरा उजवीकडे. हां, आता बरोबर."

अडीच तास लागले. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा फळी कुरकुरली आणि तिच्या डोळ्यांदेखत किंचित सरकून जागेवर बसली. बरगडीची चीर मिटली. गेली नाही, मिटली. अण्णांनी सांगितलं तशी तिनं ग्रीस चोळलेली बारीक वात फटीत सोडली. टुक, टुक. दुपारी होडी पुन्हा पाण्यात गेली.

रागावले नाहीत म्हणून सूनबाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "मला दिसत नव्हतं म्हणून मी तुला विचारत होतो." ते ऐकून, रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सोमवारी पहाटे उठून तिनं बूच बसवलं आणि होडी उपसून कोरडी केली. मग तळाकडे बघत बसली. पाणी येत होतं. थेंब थेंब, पण येत होतं. सातला पुसलं, साडेसातला पुन्हा पुसलं. आठला पुसायला गेली तर फडकं जेमतेम ओलं झालं.

नऊला साहेब आले. उंच, वाळके, आणि बोलण्यात काटकसर करणारे. त्यांनी फॉर्म काढला. "नाव?"

"लाकडी," सूनबाई म्हणाली. "सोळा माणसांची. मागे इंजिन आहे."

"बाई, तुमचं नाव विचारतोय."

धक्क्यावर प्लॅस्टिकवाला एवढ्या मोठ्यानं हसला की साहेबांनाही ओठ दाबावे लागले. तिनं नाव सांगितलं. सोळा वाळूची पोती होडीत रचली गेली. साहेबांनी घड्याळ लावलं. अण्णा खुर्चीत, सासूबाई त्यांच्यामागे, आणि सूनबाईची नजर बुचाशेजारच्या त्या कोपऱ्यावर, जिथं पाणी आधी साचतं.

अर्ध्या तासानं साहेबांनी पट्टी बुडवली. "अर्ध्या बोटालाही कमी. छान." त्यांनी शाईचं पेन उघडलं.

पोती बाहेर निघाली. होडी हलकी होऊन वर आली. साहेब फॉर्मवर लिहू लागले: प्रवासी, सोळा.

"साहेब, एक मिनिट," सूनबाई म्हणाली आणि तिनं पायाखालची फळी उचलली. "ही बरगडी तडकलीय. काल. माझ्यामुळे."

सासूबाईंनी डोळे मिटले. प्लॅस्टिकवाल्यानं आ वासला. साहेब होडीत उतरले, उकिडवे बसले, चिरेवर नख फिरवलं.

"मला दिसली नसती."

"माहीत आहे."

"मग दाखवलीत कशाला?"

"नाहीतर मला रोज बघावी लागली असती. एकटीला."

साहेबांनी मान वर करून अण्णांकडे बघितलं. खुर्चीच्या हातावर त्यांचं एक बोट हलत होतं, तेवढंच. साहेबांनी 'सोळा' खोडलं आणि वर लिहिलं, 'बारा'. "या बरगडीला शेजारी दुसरी जोडून घ्या. दोन आठवड्यांनी मी पुन्हा बघेन. तोवर बारा, आणि तेही वारा नसताना. तेरावा चढला तर परवाना रद्द."

"चढणार नाही," सूनबाई म्हणाली.

शनिवारी पहिली खेप होती. टोप्या, टॉवेल, डबे घेऊन माणसं धक्क्यावर जमली. वारा नव्हता. सूनबाई एकेकाला हात देऊन आत घेत मोजत होती. दहा, अकरा, बारा. बाराव्यामागे एक जाडजूड बाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा आणि दोन्ही मुली आधीच आत बसल्या होत्या.

"मावशी, तुम्ही पुढच्या खेपेला."

"अगं, माझं अख्खं घर आत बसलंय!"

"मग त्यांतला एक खाली उतरवा."

"मी एवढीशी जागा घेते. अंग चोरून बसते. श्वाससुद्धा घेत नाही."

"मावशी, श्वास घ्या आणि तिथंच उभ्या राहा."

आतून नवरा म्हणाला, "बस ना तू तिथं तासभर, जरा शांतता मिळेल," आणि त्यावर मावशींनी जे उत्तर दिलं, त्यानं अख्खी होडी हसली. शेवटी धाकटी मुलगी आपणहून उतरली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. आता अकराच झाले. मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले, त्यांना सूनबाईनं हात दिला. बारा.

इंजिन सुरू झालं. धक्का मागे सरकला, अण्णांची खुर्ची लहान झाली. लोक पाण्यात हात घालत होते, फोटो काढत होते. सूनबाईनं सुकाणू काखेत धरलं, पायाच्या अंगठ्यानं सुटी फळी जराशी उचलली आणि आत बघितलं. बुचाशेजारी पाण्याची पातळ रेघ होती. बरगडीची चीर मिटलेली होती. तिनं फळी ठेवली, वीस आकडे मोजले आणि पुन्हा उचलली.